कोंबडा आरवल्यानंतरची पानं

(लोणावळ्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय कागदावर जरा जड दिसतो, ‘मराठी ख्रिस्ती आत्मचरित्र आणि भीती’. साध्या भाषेत सांगायचं तर असं की, एखाद्याच्या मनात ख्रिस्तावरची श्रद्धा बसली, पण घरच्यांची, जातीची, गावाची भीती काही जात नाही. मधेच तो कमी पडतो, मागं फिरतो, कधी घरच्यांना दुखावतो. मग पुढं काय? आणि जे झालं ते तो लिहितो का? मला या दुसऱ्या प्रश्नात जास्त रस आहे. मी समीक्षेच्या बाजूनं बोलणार आहे, प्रवचन करणार नाही. तो माझा अधिकार नाही.

लोणावळ्यात बोलतोय, तर सुरुवात लोणावळ्यापासूनच करू. पुस्तक मात्र ख्रिस्ती बाईचं नाही. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’, १९१० साली आलेलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत त्याचा एखादा उतारा वाचला असेल. त्यात पंचहौद मिशनच्या चहाचं प्रकरण आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. सभा संपल्यावर चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी घेतली, कुणी हातात घेऊन तशीच ठेवली. गोपाळराव जोश्यांनी, आनंदीबाई जोश्यांचे यजमान ते, हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. झालं! बहिष्काराची भाषा सुरू झाली, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली. लोकमान्यांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. त्या वेळी रानडे कुटुंब सुट्टीसाठी इथं लोणावळ्यात राहिलं होतं. ते पुण्याला गेले, प्रायश्चित्त घेऊन परत आले. रमाबाईंना ते रुचलं नव्हतं, आणि तसं त्यांनी लपवलेलंही नाही.

मी हे रानड्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाहीये. भीती केवढी होती ते कळावं म्हणून सांगतोय. हायकोर्टाच्या वाटेवर असलेला माणूस, सरकारदरबारी वजन असलेला, आणि एका कप चहासाठी त्याला मागं यावं लागतं. कारण बहिष्कार म्हणजे नुसती निंदा नव्हे. विहिरीवर पाणी मिळणार नाही, श्राद्धाला भटजी येणार नाही, न्हावी घराची पायरी चढणार नाही, मुलींची लग्नं अडतील, आणि घरात कुणी गेलं तर खांदा द्यायला चार माणसं मिळणार नाहीत. आणि हे भोगावं लागतं ते एकट्याला नाही, आपल्यामुळं भावाला, मेहुण्याला, मित्राच्या म्हाताऱ्या वडिलांना. भीतीचा हा दुसरा भाग जास्त चावतो. स्वतःसाठी शूर होता येतं हो. दुसऱ्याच्या घरावर संकट आणून शूर होणं अवघड.

आता कल्पना करा, चहाला जर एवढं, तर बाप्तिस्म्याला केवढं.

पुढच्या दोन पुस्तकांकडे जाण्याआधी एक गोष्ट मोजमापासाठी हाताशी ठेवू. शुभवर्तमानातली पेत्राची. ख्रिस्ती श्रोत्यांना ती पाठ आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. येशूला पकडून महायाजकाच्या वाड्यात नेलंय. पेत्र मागोमाग येतो, अंगणात शेकोटीपाशी उभा राहतो. एक दासी म्हणते, हाही त्याच्याबरोबर होता. पेत्र म्हणतो, मी नाही त्याला ओळखत. असं तीनदा. मग कोंबडा आरवतो आणि पेत्र बाहेर जाऊन रडतो.

या प्रसंगात समीक्षकानं पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. ही हकिगत बाहेर आली कशी? अंगणात बाकीचे शिष्य बोलण्याच्या अंतरावर नव्हते. म्हणजे सांगणारा बहुधा पेत्र स्वतःच. आणि हा कुणी ऐरागैरा नव्हे, पुढं मंडळीचा पहिला पुढारी झालेला माणूस. त्याच्या नामुष्कीची गोष्ट चारही शुभवर्तमानांत राहू दिली. कुणी खोडली नाही. पुढं योहानाच्या शेवटच्या अध्यायात, तळ्याच्या काठी, पुन्हा कोळशांचा विस्तव पेटलेला असतो आणि येशू पेत्राला तीनदा एकच प्रश्न विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. तीन नकारांना तीन प्रश्न. झालं ते झालं, असं म्हणून पुढं जात नाहीत. जखमेवरच बोट ठेवून काम सोपवतात.

ख्रिस्ती आत्मचरित्राची परंपरा इथून निघते असं मला वाटतं. ऑगस्टीननं चौथ्या शतकाच्या अखेरीस आपल्या लहानपणीची पेअर चोरल्याची गोष्ट लिहिली, तीही याच धाटणीची. म्हणून माझा निकष साधा आहे. कोंबडा आरवल्यानंतरची पानं पुस्तकात आहेत की नाहीत?

आता ‘अरुणोदय’. बाबा पदमनजी. जन्म १८३१, बेळगावचे. ‘यमुनापर्यटन’वाले म्हणून आपण त्यांना ओळखतो, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेत लिहितो आणि बहुतेक वेळा वाचत नाही. ‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र १८८८ साली आलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचरित्रांपैकी एक. त्यांचा बाप्तिस्मा बेळगावात ३ सप्टेंबर १८५४ रोजी झाला, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

या पुस्तकाचा खरा नाट्यमय भाग म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधीची वर्षं. पटलंय, पण पाऊल उचलत नाही. मुंबईत शिकत असताना ते परमहंस सभेत होते. ही सभा १८४९च्या सुमाराची. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर वगैरे मंडळी तिच्या मुळाशी. जातिभेद मानायचा नाही, असा त्यांचा निश्चय, पण गुप्तपणे. एकत्र बसून पाव खायचा, खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाच्या हातचं पाणी प्यायचं, आणि घरी गेल्यावर काही झालंच नाही असं वागायचं. पुढं १८६० साली सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि सभा मोडली. नुसती यादी फुटण्याच्या भीतीनं! पंचहौदच्या यादीच्या तीस वर्षं आधी हे झालं. पुण्या-मुंबईच्या सुधारकी इतिहासात याद्यांनी फार मोठी कामगिरी बजावली आहे, हे कुणीतरी एकदा नीट लिहायला हवं.

तर बाबा पदमनजींनी ही गुपचूप सुधारणा आतून पाहिली. रात्री पाव खाणारा आणि सकाळी सोवळं नेसणारा माणूस काय प्रतीचा असतो, ते त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं. ‘अरुणोदय’चं बळ इथं आहे. भीतीचं वर्णन करताना ते गोष्ट मोठ्या शब्दांत गुंडाळत नाहीत. आईवडिलांची माया आणि समाजाचा धाक यांची गाठ कशी पडते ते दाखवतात.

पण मग पुस्तकाच्या नावाकडे बघा. अरुणोदय. काळोख, मग फटफटलं, मग उजेड. सगळा भर बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटचालीवर. ते लिहायला बसले तेव्हा त्यांना ख्रिस्ती होऊन चौतीस वर्षं झाली होती. त्या चौतीस वर्षांना त्या मानानं फार थोडी जागा. उजाडल्यानंतर दिवसभर काय झालं? ऊन लागलं की नाही? कुठं सावलीत बसावंसं वाटलं? भीती ही बाप्तिस्म्याच्या अलीकडे राहिलेली वस्तू, पलीकडे ती नाही, असा समज पुस्तक करून देतं. हे मला खरं वाटत नाही. आणि बाबा पदमनजींसारख्या प्रामाणिक माणसालाही ते तसं वाटलं असेल असं मला वाटत नाही. पुस्तकाचा हेतू आड आला. दुसरा कुणी उंबरठ्यावर घुटमळत असेल तर त्याला धीर द्यायचा, म्हणून उंबरठ्याच्या आतली धूळ दाखवायची नाही. हेतू चांगला आहे, पण त्यापायी पुस्तकाचं नुकसान झालं.

आता लक्ष्मीबाईंकडे येतो. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागांनी आलं. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या. विनोदी, बोलक्या भाषेचं पुस्तक म्हणून त्याचं कौतुक आपण इतकं करतो की ते भीतीचं पुस्तक आहे हे विसरतो. सुरुवात आठवा. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, मीठसुद्धा. आपण हसतो. बाईंनी हसवलंच आहे. पण हे मीठ धुणं कुठून आलं ते त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, फासावरून. भ्यालेल्या माणसानं आपल्या घराभोवती पाण्याची भिंत बांधली आणि पोरांना त्या भिंतीच्या आत वाढवलं. आपल्या डोक्यात विटाळाचं भय कसं पेरलं गेलं, हे लक्ष्मीबाई कसलीही मीमांसा न करता पहिल्याच पानांत दाखवून मोकळ्या होतात.

अशा घरातली मुलगी नारायण वामन टिळकांना दिली. (मघाचे टिळक वेगळे, हे वेगळे, नवीन श्रोत्यांचा दरवेळी घोटाळा होतो.) टिळक कवी, तापट, उधळे, कनवाळू, न सांगता घर सोडून निघून जाणारे. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं ते भारले गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई त्या वेळी सोबत नव्हत्या.

आणि इथं ‘स्मृतिचित्रे’ ‘अरुणोदय’पेक्षा वेगळी वाट धरतं. एका माणसाचं धैर्य हे दुसऱ्या माणसाच्या वाट्याला घाव म्हणून येतं. टिळकांच्या चरित्रात १० फेब्रुवारी हा विजयाचा दिवस आहे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तो सवाष्ण असून टाकल्याचा दिवस आहे. पदरात लहान दत्तू. नातेवाईक सांभाळतायत आणि पहारासुद्धा देतायत. माणूस देवाशी खरा राहिला, पण बायकोशी? पुस्तक हा प्रश्न टाळत नाही, आणि टिळकांना त्यातून सोडवतही नाही. भाविक चरित्रकार असता तर दोन ओळींत निभावून नेलं असतं, की ईश्वराच्या हाकेपुढं संसार तो काय. बाईंनी तसं केलं नाही. रडणं, वेड लागायची वेळ येणं, लोकांचे टोमणे, सगळं आहे.

पण पुढचंही आहे, आणि तेही तितक्याच सरळपणे. टिळकांनी वाट पाहिली. लक्षात घ्या, त्या काळी १८६६ चा कायदा होता. धर्मांतर केलेल्याबरोबर नवरा किंवा बायको नांदायला तयार नसेल, तर कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येत होतं. टिळकांना ती वाट मोकळी होती. ते त्या वाटेला गेले नाहीत. पत्रं लिहीत राहिले. जवळजवळ पाच वर्षं. हे मला बाप्तिस्म्याइतकंच श्रद्धेचं काम वाटतं, कदाचित जास्त. बाप्तिस्मा एका सकाळी होतो.

लक्ष्मीबाई अखेर नगरला आल्या, पण आपलं सोवळं घेऊन. वेगळी चूल, वेगळं पाणी. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात. टिळकांनी त्याला आडकाठी केली नाही. मग पुढं राहुरीला त्या एकट्याच विचार करत बसलेल्या असताना मनात येतं, की जनावरांच्या जाती देवानं दिसतील अशा केल्या, माणसांच्या जाती मात्र बघून ओळखता येत नाहीत, तर मग या केल्या कुणी? त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं पाणी चालायला लागलं. मीठ धुणाऱ्या घरातली ही मुलगी! आणि हा विचार कुणा मिशनऱ्याच्या प्रवचनानं आलेला नाही, नवऱ्याच्या वादविवादानं तर नाहीच नाही. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली, दत्तूसह.

इथं ‘अरुणोदय’ असतं तर पडदा पडला असता. ‘स्मृतिचित्रे’चं निम्म्याहून जास्त पुस्तक यापुढं आहे. आणि यापुढं काय आहे? भांडणं. कर्ज. घरात आलेला पैसा दुसऱ्या दाराने बाहेर. कुणाचीही पोरं घरात आणून ठेवणं. प्लेगच्या छावणीतलं काम. टिळकांचा राग, आणि रागानंतरचा पश्चात्ताप, आणि पश्चात्तापानंतर पुन्हा राग. एखाद्या संताच्या घरात राहणं किती तापदायक असतं याचं इतकं चोख वर्णन दुसरीकडे मी वाचलेलं नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. जातपात नाही, पंथ नाही, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र. स्वप्न मोठं होतं. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबार काही उभा राहिला नाही. हिशेब मांडला तर हे अपयशच. लक्ष्मीबाई ते अपयश यश म्हणून खपवत नाहीत.

‘स्मृतिचित्रे’वर ख्रिस्ती वर्तुळात एक आक्षेप जुन्या काळापासून ऐकू येतो, की या पुस्तकात ख्रिस्त कमी आणि संसार फार. दुसऱ्या बाजूनं, ख्रिस्तीतर वाचक बाईंचा विनोद घेतात आणि श्रद्धा गाळून टाकतात, जणू ती चुकून चिकटलेली साल. दोन्ही वाचनं मला अपुरी वाटतात. श्रद्धा तिथं आहे, पण ती भाषणातून दिसत नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ अर्धवट सोडलं, सुरुवातीचेच अध्याय लिहून झाले होते. बाकीचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी पुरा केला. जिला लहानपणी शाळा नाही, जिला हा धर्म नको होता, जिचा या धर्मापायी संसार मोडायला निघाला होता, ती बाई नवऱ्यामागं ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांत लिहीत बसते. आपल्या श्रद्धेविषयी ‘स्मृतिचित्रे’त तिनं आणखी चार परिच्छेद लिहायला हवे होते, असं मला नाही वाटत.

आता थोडं भाषेबद्दल. लक्ष्मीबाईंना आणि टिळकांना आपलं अपयश बोलायची भाषा कुठून मिळाली? उत्तर आपल्या मावळातच आहे. इथं कुरवंड्याच्या बाजूला उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहूकडे जाते, आणि भंडाऱ्याचा डोंगर आपल्याच तालुक्यात. तुकोबांनी दुष्काळ पाहिला, दुकान बुडालं, बायको गेली, वह्या डोहात गेल्या. आणि त्यांच्या अभंगांत माणूस देवासमोर स्वतःला नावं ठेवतो, भांडतो, रुसतो, मी पतित आहे असं चारचौघांत म्हणतो, आणि तरी दार सोडत नाही. मराठी कानाला हे सवयीचं आहे. टिळक सांगत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो. या वाक्याचा उल्लेख नेहमी धर्मांच्या समन्वयासाठी होतो. मला त्यात शैलीची गोष्ट जास्त दिसते. पेत्राचं रडणं मराठीत बसवायला जागा आधीच तयार होती. ‘अरुणोदय’ला ती जागा सापडली नाही, कारण त्याची धाटणी ट्रॅक्टची आहे. पुरावा मांडायचा, शंका खोडायची, निष्कर्ष काढायचा. त्या धाटणीत हरलेल्या माणसाला बसायला पाट मिळत नाही.

वेळ होत आला. प्रश्न असतील तर घेऊ.

(एका श्रोत्यानं विचारलं: मग रानडे भ्याले आणि टिळक भ्याले नाहीत, असं म्हणायचं का?)

नाही. तशी तुलना मी करणार नाही. रानडे काही ख्रिस्ती होऊ पाहत नव्हते, त्यांना हिंदू समाजात राहूनच काम करायचं होतं, आणि आपल्यापायी मित्रांच्या घरी त्रास नको हेही त्यांच्या मनात होतं. आणि टिळक भ्याले नसतील असं कोण म्हणेल? माझं म्हणणं पुस्तकांबद्दल आहे. रमाबाईंनी आपल्या देवासारख्या नवऱ्याची माघार लिहून ठेवली, ती आपल्याला आवडली नाही हेही लिहिलं. लक्ष्मीबाईंनीही तेच केलं. आता हेही बघा, दोन्हीकडे लिहिणारी बायको आहे. पुरुषांनी स्वतः लिहिलेल्या आत्मचरित्रांत हे क्वचित सापडतं. पेत्राचं कौतुक मला म्हणूनच वाटतं.

(दुसरा प्रश्न: आज कुणी असा उंबरठ्यावर असेल, किंवा श्रद्धा असून ती दाखवायला भीत असेल, तर त्यानं यातलं काय वाचावं?)

‘अरुणोदय’ वाचावं, बेळगाव-मुंबईची ती घुटमळ ओळखीची वाटेल. पण तिथं थांबू नये. ‘स्मृतिचित्रे’ घ्यावं, आणि एकदम नगरच्या घरापासून सुरू करावं, जिथं एका छपराखाली दोन चुली आहेत. निवडक उताऱ्यांची छोटी आवृत्ती मात्र घेऊ नका. त्यात गमतीजमती सगळ्या असतात, भांडणं गाळलेली असतात.